म्हातारपणीचे धन आणि त्याचे राखणदार

पुण्यातील वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली सुरू केली आणि पुढे तिचे अनुकरण महाराष्ट्रात गावोगाव झाले, हे येथे जमलेल्या बहुतेकांना ठाऊक असेल. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला, ही गोष्टही इतिहासाच्या पुस्तकांत आहे. मात्र या दोन गोष्टी शेजारी ठेवून आपण सहसा पाहत नाही. त्या जमावाला सोनेनाणे नको होते. त्याला हवे होते ते कागद: कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे. ते हाती लागले की त्यांची होळी करायची आणि पुढच्या गावाकडे वळायचे. ज्या कागदावर आपणच निशाणी केली तो कागद जाळावा असे माणसाला का वाटावे? कारण निशाणी त्याची होती, पण त्या कागदात काय लिहिले आहे हे त्याला कधी कोणी वाचून दाखवले नव्हते.

माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचे धन दुसऱ्याला लिहून दिले, तर तो हात त्याचा स्वतःचाच होता असे केव्हा मानावे? आजच्या आमच्या विषयाचे मूळ या प्रश्नात आहे. सुप्याच्या शेतकऱ्याच्या जागी आज आपल्या घरातील वडीलधारी माणसे आहेत. आयुष्यभर राखलेली पुंजी, निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम, गावाकडचे घर आणि बँकेतली मुदतठेव यांवर डोळा ठेवून कोणी तरी गोड बोलत येतो, किंवा दरडावत येतो, आणि म्हातारा माणूस आपण होऊन सही करतो. ‘आपण होऊन’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. त्या दोन शब्दांचा नेमका अर्थ लावण्यासाठी शहाण्या माणसांनी दोन हजार वर्षांहून अधिक काळ विचार केला आहे, आणि त्या विचाराचा प्रवास आज आपण थोडक्यात पाहणार आहोत.

प्रारंभ आपल्या घरापासून करू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कोणाचा व्यवहार सिद्ध होत नाही याची एक यादी आहे. नशेत असलेला, वेडा, रोगाने पीडलेला, दुसऱ्याच्या सर्वस्वी आधीन असलेला, बालक आणि स्थविर, म्हणजे अतिवृद्ध, अशी माणसे तीत येतात. याज्ञवल्क्याने आपल्या व्यवहाराध्यायात अशीच यादी दिली आहे. परंतु तीत स्थविराचे नाव नाही आणि एक नवे नाव आले आहे: भीत, म्हणजे भ्यालेला. हा फरक वरवर पाहता लहान वाटेल. आमच्या मते तो फार मोठा आहे. पहिली यादी म्हाताऱ्याकडे पाहून म्हणते, ‘हा वयाने थकला, याचा व्यवहार धरू नका.’ दुसरी यादी वयाबद्दल बोलत नाही. व्यवहार करताना माणसाच्या मनाची अवस्था काय होती, असे ती विचारते. तीस वर्षांचा तरुण भ्यालेला असेल तर त्याचाही व्यवहार खोटा, आणि ऐंशी वर्षांचा म्हातारा निर्भय व शांत असेल तर त्याचा व्यवहार खरा.

याज्ञवल्क्य एवढ्यावर थांबत नाही. बळाने किंवा कपटाने घडवलेले व्यवहार राजाने फिरवावेत असे सांगून तो आणखी काही व्यवहार त्याच पंक्तीत बसवतो: रात्री केलेले, घराच्या आतल्या भागात केलेले, गावाबाहेर केलेले, शत्रूने केलेले. स्त्रियांनी केलेले व्यवहारही त्याने त्यात घातले आहेत. ती त्या काळाची दृष्टी होती आणि ती आपण मागे टाकली, हे योग्यच झाले. उरलेल्या गोष्टींचे मर्म मात्र अजून शिळे झालेले नाही. रात्र, आतली खोली, गाववेस ओलांडून गाठलेली जागा, या सर्वांत समान असे काय आहे? साक्षीदार नसणे. व्यवहार चोख असेल तर तो चारचौघांत करायला कोणाची हरकत नसते. आडोसा शोधला जातो तेथेच पहिला संशय घ्यावा, असे हा स्मृतिकार सुचवतो. ही खूण ध्यानात ठेवावी. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

आता पश्चिमेकडे वळू. ग्रीक नाटककार सोफोक्लीस नव्वदीच्या घरात असताना त्याच्या मुलांनी त्याला न्यायासनासमोर उभे केले, अशी एक कथा आहे. रोमन वक्ता किकेरो याने ख्रिस्तपूर्व ४४ साली वार्धक्यावर लिहिलेल्या प्रबंधात ती सांगितली आहे. बाप नाटके लिहिण्यात गुंग असतो, घरच्या मिळकतीकडे पाहत नाही, त्याची बुद्धी गेली आहे. सबब कारभार त्याच्याकडून काढून घ्यावा, अशी मुलांची तक्रार. म्हाताऱ्याने वकिली युक्तिवाद केला नाही. नुकतेच लिहून झालेले ‘कोलोनसचा ईडिपस’ हे नाटक त्याने न्यायाधीशांना वाचून दाखवले आणि विचारले, ‘हे बुद्धी गेलेल्या माणसाचे लेखन वाटते काय?’ न्यायाधीशांनी त्याला मोकळे केले. ही कथा घडली तशीच असेल की नंतर रंगवली गेली असेल, हा वाद पंडितांवर सोपवू. तिच्यात शहाणपण आहे ते असे की, म्हाताऱ्याच्या धनाला धोका बाहेरच्या ठकापासून असतो तसाच ‘आम्ही तुमचे राखणदार’ म्हणत पुढे येणाऱ्या घरच्यांपासूनही असू शकतो.

रोममध्ये दोन्ही धोके एकदमच नांदत होते. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या बारा पाट्यांच्या कायद्यापासून वेडा झालेला मनुष्य आप्तांच्या ताब्यात देण्याची आणि उधळ्या मनुष्यास कारभारातून दूर करण्याची सोय तेथे होती. तथापि पुढे साम्राज्य वाढले, संपत्ती वाढली, आणि निपुत्रिक श्रीमंत म्हाताऱ्यांच्या भोवती घोटाळणाऱ्या लोकांचा एक धंदाच उभा राहिला. म्हाताऱ्याची विचारपूस करायची, त्याला भेटी पाठवायच्या, त्याच्या विनोदाला हसायचे, आणि मृत्युपत्रात आपले नाव घालून घ्यायचे. होरेस या कवीने या धंद्यावर एक संपूर्ण उपहासकाव्य रचले. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकाच्या अखेरीस धाकटा प्लिनी आपल्या एका पत्रात रेग्युलस नावाच्या वकिलाची हकीकत सांगतो. वेरानिया नावाची एक विधवा अत्यवस्थ होती. तिच्या नवऱ्याशी या रेग्युलसचे हाडवैर. तरी हा तिच्या उशाशी जाऊन बसला आणि तिचा जन्मदिवस व जन्मवेळ विचारू लागला. मग ओठ हलवीत, बोटे मोजीत काही गणित केल्याचा आव आणून तो म्हणाला, ‘काळ कठीण आहे, पण आपण यातून निभावाल.’ वर एका शकुन पाहणाऱ्याचा दाखलाही आणून दिला. बिचारीने विश्वास ठेवून मृत्युपत्रात त्याचे नाव घातले. आणि प्रकृती ढासळली तेव्हा त्याला शिव्याशाप देत प्राण सोडला.

या हकीकतीत वेरानियाची बुद्धी भ्रष्ट झाली होती असे कोठेही नाही. ती आजारी होती, एकटी होती आणि तिला आशेचा एक शब्द हवा होता. रेग्युलसने तिची अक्कल हिरावली नाही. तिची गरज ओळखली. बुद्धी गेली की माणूस फसतो, अशी आपली जी ढोबळ समजूत असते, ती येथे पहिल्यांदा डळमळते.

इंग्लंडात या समजुतीने बराच काळ ठाण मांडले होते. १५३४ सालच्या आपल्या कायद्याच्या ग्रंथात फिट्झहर्बर्टने जन्मजात मतिमंद मनुष्याची परीक्षा सांगितली आहे. वीस पेन्स मोजता येत नाहीत, आपले आईबाप कोण हे सांगता येत नाही, स्वतःचे वय सांगता येत नाही, असा मनुष्य कारभारास अपात्र. परीक्षा सोपी, आणि म्हणूनच आकर्षक. आजही अनेक घरांत म्हाताऱ्यांची परीक्षा याच धर्तीवर होते: आज वार कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा केले की किती? उत्तरे बरोबर आली की मुले निश्चिंत होतात. पण वीस पेन्स बिनचूक मोजणारा माणूस ते वीस पेन्स कोणाच्या हातात ठेवतो, हे या परीक्षेने कसे कळावे?

हा पेच सोडवण्याचा मान लॉर्ड एल्डन या न्यायाधीशाकडे जातो. १८०७ साली त्याच्यासमोर एका विधवेचा दावा आला. तिने आपल्या मिळकतीचा कारभार एका धर्मोपदेशकावर सोपवला होता, आणि पुढे त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या नावे मिळकतीची तजवीज करून दिली होती. बाई वेडी नव्हती. कागदावर काय लिहिले आहे हे तिला समजत होते. तरीही एल्डनने ती तजवीज रद्द केली. त्याच्या निर्णयाचा गाभा असा की, आपण काय करतो हे तिला कळत होते की नाही, हा येथे प्रश्नच नव्हे. तसे करावे ही इच्छा तिच्या मनात कशी उत्पन्न झाली, हा प्रश्न आहे. आमच्या मते या विषयाच्या इतिहासात एवढे महत्त्वाचे वळण दुसरे नाही. न्यायाची नजर म्हाताऱ्याच्या डोक्यावरून हलली आणि त्याच्या शेजारी बसलेल्या माणसावर गेली. विश्वासाच्या जागी बसून ज्याने लाभ घेतला, त्यानेच आता व्यवहार निर्मळ होता हे सिद्ध करायचे.

मृत्युपत्रांच्या बाबतीत अशीच सूक्ष्म दृष्टी १८७० साली दिसली. मृत्युपत्र करणाऱ्या एका मनुष्याला भुतेखेते आपला छळ करतात असा भ्रम होता. तरी न्यायालयाने त्याचे मृत्युपत्र उचलून धरले. आपण काय करतो आहोत, आपली मिळकत साधारण किती, आपल्यावर कोणाकोणाचा हक्क पोहोचतो, एवढे त्याला कळत होते आणि त्याच्या भ्रमाचा या निर्णयावर परिणाम झाला नव्हता. म्हणजे पात्रता ही साऱ्या माणसाला एकदाच मारायची मोहोर नव्हे. ती कामापरत्वे तपासायची असते. बाजारातून भाजी आणण्याची पात्रता निराळी, घर विकण्याची निराळी.

आता पुन्हा हिंदुस्थानात येऊ. १८५६ साली प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे यांच्या प्रसिद्ध दाव्यात असे ठरवले की, अज्ञान वारसाच्या मिळकतीवर कर्ज देणाऱ्या सावकाराने त्या कर्जाची खरोखर गरज होती काय, याची स्वतः चौकशी केली पाहिजे. १८६७ साली एका पडदानशीन बेगमेचे सरकारी कागद तिच्या पतीच्या हाती गेले होते. ते आपण रास्तपणे विकत घेतले हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच कौन्सिलने पतीवर टाकली. १८७२ साली कराराचा कायदा आणि पुराव्याचा कायदा हे दोन्ही आले. करार कायद्याच्या सोळाव्या कलमाची १८९९ साली नव्याने मांडणी झाली आणि तीत स्पष्ट म्हटले गेले की, वय, आजार किंवा मनाचा अथवा शरीराचा क्लेश यांमुळे ज्याची बौद्धिक शक्ती तात्पुरती वा कायमची बाधित झाली आहे, अशा माणसाशी करार करणारा हा त्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत आहे असे धरावे. यातला ‘तात्पुरती’ हा शब्द श्रोत्यांनी विसरू नये. पत्नीच्या मृत्यूनंतरचे तीन महिने, शस्त्रक्रियेनंतरचे पंधरा दिवस, मुलगा परदेशी गेल्यानंतरचा पहिला पावसाळा, हा असा ‘तात्पुरता’ काळ असतो. ठक बहुधा त्याच काळात दार ठोठावतो.

दरम्यान सुप्याच्या उठावाची सरकारने चौकशी केली होती आणि तिची परिणती १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्यात झाली. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी तो प्रथम होता. त्यात दोन युक्त्या होत्या. एक, न्यायाधीशाने केवळ रोख्यावरचा आकडा पाहू नये. व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा. दुसरी, शेतकऱ्याने करून द्यायचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर झाला पाहिजे, एरवी तो ग्राह्य नाही. याज्ञवल्क्याची आतली खोली येथे सरकारी कायद्याने उघड्यावर आणली. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून ज्यांनी काम केले त्यांत स्वतः रानडे होते. ज्या वर्षी त्यांनी आपल्याला व्याख्यानांचा व्यासपीठ दिला, त्याच वर्षी जळलेल्या कागदांचा हिशेब पुढे त्यांच्याच मेजावर आला. लोकांना शहाणे करणे आणि न फसू देणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला उमगले असेल.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाचा तोल कसा सांभाळला ते दोन निकालांवरून दिसते. १९६६ साली एका आजोबांनी नातवाला दिलेल्या बक्षीसपत्राचा वाद आला. न्यायालय म्हणाले, देणारा म्हातारा आहे आणि घेणारा जवळचा नातलग आहे, एवढ्यावरून अनुचित प्रभाव गृहीत धरता येणार नाही. आजोबांनी नातवावर माया करणे हा गुन्हा नव्हे. उलट २००३ साली आलेल्या प्रकरणात दस्त करून देणारा शंभरी ओलांडलेला, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला. आणि त्याने अंगठा उठवला हे सांगू शकणारा साक्षीदारच नाही. तेथे न्यायालयाने लाभ घेणाऱ्यांवर सिद्धतेचा भार टाकला. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते देणे कपटाने घडले असे मानून रद्द करवून घेण्याची वाट त्याच्या तेविसाव्या कलमाने मोकळी केली. ही अट सिद्ध करावी लागते, हे २०२२ च्या निकालाने बजावले. तर जानेवारी २०२५ मध्ये एका आईचे मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द करताना, हा कायदा वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा, असे त्याच न्यायालयाने सांगितले. यावरून एक व्यावहारिक धडा घ्यावा: घर मुलाच्या नावे करायचेच असेल, तर सांभाळाची अट कागदात लिहून घ्यावी. लाजेने न लिहिलेली अट पुढे अश्रूंनीही वाचता येत नाही.

आतापर्यंत आपण ओळखीच्या ठकांविषयी बोललो. अनोळखी ठकाचाही इतिहास जुनाच आहे. आधी चोर आणि नंतर फ्रान्सच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झालेल्या विदोकने १८२८ साली आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत तुरुंगातून लिहिल्या जाणाऱ्या ‘जेरुसलेमच्या पत्रां’चे वर्णन आहे. कैदी परगण्यातील श्रीमंतांचे पत्ते मिळवीत आणि लिहीत की, आमच्या धन्याने पळताना जडजवाहिराची पेटी अमुक ठिकाणी पुरली. ती काढण्यास थोडा पैसा पाठवा, वाटा मिळेल. अशा शंभर पत्रांपैकी विसांना उत्तर येई, असे तो सांगतो. पत्र लिहिण्याचा खर्च तो कितीसा? शंभरांतल्या ऐंशी शहाण्यांशी ठकाला काही कर्तव्य नसते.

आजचे पत्र दूरध्वनीवरून येते आणि त्यात लोभाच्या जागी भय असते. पोलिसाच्या किंवा न्यायाधीशाच्या वेषातला माणूस पडद्यावर दिसतो, तुमच्या नावाने गुन्हा आहे म्हणतो, ‘डिजिटल अटक’ झाली असे सांगतो आणि दार लावून बसवतो. आपल्या कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. २०२४ साली पंजाबातील एका नामवंत उद्योगपतीस, वय वर्षे ८२, सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीचे संपूर्ण नाटक दाखवून सात कोटी रुपयांना लुटण्यात आले. ज्याने आयुष्यभर गिरण्या चालवल्या, करार केले, त्याला वीस पेन्स मोजता येत नव्हते असे कोण म्हणेल? ऑक्टोबर २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याची अशीच फसवणूक बनावट न्यायालयीन आदेश दाखवून झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन त्या प्रकाराची दखल घेतली. याज्ञवल्क्याचा ‘भीत’ आणि त्याची ‘आतली खोली’ दोन्ही येथे जशीच्या तशी हजर आहेत. फरक एवढाच, की खोली आता आपल्याच घरातली असते आणि कडी म्हातारा स्वतः लावतो.

येथे आमचा स्वतःचा एक अनुभव सांगणे आम्हांस भाग आहे. तो आमच्या मोठेपणाचा नाही. आमचे थोरले काका निवृत्त मुख्याध्यापक. ऐंशीला एक वर्ष कमी. एका गोडबोल्या माणसाने दामदुप्पट व्याजाच्या योजनेत त्यांचे काही पैसे बुडवले. आम्हांला कळले तेव्हा आम्ही काय केले? चारचौघांत, नातवंडांदेखत म्हणालो, ‘काका, तुम्ही मुलांना गणित शिकवत होतात ना?’ त्यांचे पासबुक आणि चेकबुक आम्ही आपल्या कपाटात ठेवले. पेन्शनचे खाते आणि त्याच बँकेतली एक ठेव तेवढी त्यांच्याकडे राहिली. आपण घराचे रक्षण केले, असे समाधान आम्हांला वाटले.

दहा महिन्यांनी त्यांना तो दूरध्वनी आला. दोन दिवस ते खोलीत दार लावून बसले. काकूंना म्हणाले, डोके दुखते. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून बँकेत गेले, ठेव मोडली, आणि खिडकीवरच्या मुलीने सहज विचारले तेव्हा ‘लेकीच्या घरासाठी’ म्हणून सांगितले. पैसे गेले. सारे उघडकीस आल्यावर आम्ही विचारले, ‘काका, एक शब्द आम्हांला का नाही बोललात?’ ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, ‘अरे, मागच्या खेपेला तुम्ही हसलात. या खेपेला तर वाटले, पोलिसांपेक्षा तुमचीच भीती जास्त.’

त्या वाक्याचे उत्तर आमच्याजवळ तेव्हा नव्हते, आजही नाही. परंतु त्या दिवसानंतर आम्ही हा इतिहास वाचू लागलो, आणि आमची चूक नेमकी कोठे झाली ते त्यात सापडले. आम्ही फिट्झहर्बर्टची परीक्षा घेतली आणि काकांना त्यात नापास ठरवले. एल्डनचा प्रश्न विचारलाच नाही. ते एकटे केव्हा असतात, त्यांच्याशी रोज कोण बोलते, कोणाच्या शब्दाने ते सुखावतात, कशाने भितात, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्यांचे पैसे आम्ही कपाटात ठेवले. त्यांच्यासाठी बोलण्याची जागा मात्र ठेवली नाही.

तेव्हा वडीलधाऱ्या माणसाला धोका किती, हे कसे ओळखावे? आमच्या अल्प अभ्यासातून आम्ही एवढेच सांगू. वय पाहू नये, बदल पाहावा. जो माणूस विजेचे बिल मुदतीआधी भरत असे त्याची बिले राहू लागली, जो पै-पैचा हिशेब ठेवी त्याची वही कोरी दिसू लागली, ओळखीच्या दुकानातली मोड मोजताना जो अडखळू लागला, त्याच्याकडे लक्ष द्यावे. स्मृतिभ्रंशाच्या विकारांत पैशाचा हिशेब हा लवकर ढासळणाऱ्या गोष्टींपैकी असतो, असे वैद्यकाचे सांगणे आहे. त्यासाठी वैद्याकडे न्यावे, वकिलाकडे नव्हे. दुसरे, माणसाचा काळ पाहावा: शोक, आजार, एकाकीपण. तिसरे, आडोसा पाहावा. फोन आला की खोलीबाहेर जाणे, नव्या मित्राविषयी न बोलणे, ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द जेथे येतात तेथे ठक आहेच, असे खुशाल धरावे.

आणि राखण कशी करावी? कारभार काढून घेऊन नव्हे, साक्षीदार वाढवून. अमेरिकेत २०१८ पासून शेअर-दलालांच्या पेढ्यांना ग्राहकाकडून एका विश्वासू माणसाचे नाव मागून ठेवावे लागते. त्या माणसाला खात्यातून पैसे काढता येत नाहीत. संशय आला तर पेढी त्याला विचारू शकते, एवढेच. घरात हे काम आपण कायद्यावाचून करू शकतो. काही ठरावीक रकमेपुढचा कोणताही व्यवहार एक रात्र थांबवायचा आणि दुसऱ्या एका माणसाला सांगायचा, असा नियम घरातल्या सर्वांनी पाळावा; सर्वांनी, म्हणजे मुलांनीही. केवळ म्हाताऱ्याला लावलेला नियम ही शिक्षा होते, साऱ्या घराने पाळलेला नियम ही रीत होते. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे; पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडवता येण्याचा संभव असतो. ते तास रागावण्यात घालवू नयेत.

इंग्लंडच्या २००५ सालच्या कायद्यात एक तत्त्व आहे: माणसाने अविचारी निर्णय घेतला, एवढ्यावरून तो निर्णयास अपात्र ठरत नाही. आम्ही हे तत्त्व प्रत्येक कर्त्या मुलाने व सुनेने मनाशी बाळगावे असे म्हणू. तरुणपणी आपणही पैसे बुडवले. तेव्हा कोणी आपले पासबुक कपाटात ठेवले नाही.

सुप्याला जे कागद जळले त्यांनी शेतकऱ्याला वाचवले नाही. पुढे जो निबंधक गावात येऊन बसला आणि कागद मोठ्याने वाचू लागला, त्याने थोडेफार वाचवले. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना कोणी कपाट नको आहे, पहारेकरी नको आहे. आलेला कागद आणि आलेला फोन ज्याच्यापाशी बसून निःसंकोच मोठ्याने वाचून दाखवावा, असा एक माणूस हवा आहे. काका हल्ली दर रविवारी सकाळी आमच्याकडे येतात, आठवड्यात आलेली पत्रे आणि निरोप मेजावर मांडतात आणि चष्मा पुसत म्हणतात, ‘चल, यातला खोटा कोणता ते आता तू ओळख.’ बहुतेक वेळा ते आमच्या आधी ओळखतात.